डावा हात वर

माझ्या दुकानात बसून माझ्याच आंबट पाण्याला नाक मुरडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. परदेशातून येऊन पहिल्याच दिवशी वाडगं तोंडाला लावून तळ गाठणारी एकच पाहिली, ती मो बाई.

आमचं दुकान अध्यापक विद्यालयाच्या मागच्या फाटकाला लागून आहे. चार टेबलं, सोळा स्टुलं आणि चुलीमागे रांजण. रांजणात मोहरीची पानं आंबत असतात. त्यांचं पाणी गाळून घ्यायचं, वरून लाल मिरची आणि रानकांद्याच्या फुलांची फोडणी द्यायची, आणि त्यात लाटून कापलेल्या शेवया सोडायच्या. आम्ही एवढंच विकतो. दुसरं काही मागितलं तर मी रस्त्यापलीकडचं दुकान दाखवते आणि मागणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवते. रांजणाचं विरजण माझ्या सासूचं आहे. सासू वाईट होती, विरजण चांगलं होतं. ते मी आजवर कुणाला दिलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

मो बाई विद्यालयात इंग्रजी शिकवायला आली होती, स्कॉटलंडहून. तिचं खरं नाव तीन तुकड्यांचं होतं आणि त्यातला एकही तुकडा माझ्या जिभेवर टिकला नाही. पोरांनी तिला मो हे आडनाव देऊन टाकलं, ते तिला बसलं. मक्याच्या कणसाला टोकाला केस असतात तसे केस, दारातून येताना वाकायला लागेल एवढी उंची, वय अठ्ठावीस, लग्न नाही. हे सगळं मी पहिल्या पाच मिनिटांत विचारून घेतलं. न विचारलं तर समोरच्याला वाटतं, हिला आपलं काही पडलेलंच नाही.

आमची भाषा ती माझ्याच दुकानात शिकली. त्यामुळे शिकलेल्या माणसांसारखं बोलायच्या आधी ती माझ्यासारखं बोलायला लागली. उपप्राचार्य ख्वांग साहेब एकदा माझ्या दारात ताटकळत उभे होते, तर ही म्हणते, "बसा की साहेब, पायांना मुळं फुटलीत का?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पीठ मळत होते, मळत राहिले.

तिचा वर्ग दुसऱ्या वर्षाचा, बेचाळीस पोरांचा. त्यातली तिघं माझ्या भिंतीकडच्या टेबलावर कायमची. रुइलिंग वर्गप्रमुख; वय सतरा, चाल प्राचार्यांची. दोंगशेंग एका बैठकीला चार वाडगी रिचवायचा आणि पाचव्याला म्हणायचा, "आजी, हे तुमच्या आग्रहाखातर." आणि तिसरी मेइछिन. डोंगरातली पोर. आईबाप दक्षिणेकडे कारखान्यात, हिला आजीनं वाढवलेलं. पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला तिनं धडा वाचला, तिच्या डोंगरी हेलावर वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून वर्गात तिनं तोंड उघडलं नव्हतं. मो बाईनं तिला कधी ढोसलं नाही. रविवारी दोघी माझ्याकडे यायच्या, समोरासमोर बसून तासभर लसूण सोलायच्या. मध्येच मो बाई लसणीकडे बोट दाखवायची, मेइछिन आमचा शब्द सांगायची, मो बाई तो चुकीचा म्हणायची, मेइछिन हसायची. की पुन्हा लसूण. एवढ्यावर दोघींची मैत्री झाली. फुकटात माझी लसूण सोलून व्हायची, म्हणून मी त्यात पडले नाही.

बाकीचा वर्गही बोलका होता अशातला भाग नाही. मो बाई प्रश्न विचारायची आणि बेचाळीस माणसं बाकाचं लाकूड निरखायची. एक दिवस ती येऊन वाडग्यापुढे नुसतीच बसली.

"आजी, मी त्यांना आवडत नाही का?"

"आवडतेस म्हणून तर गप्प बसतात. नावडत्या मास्तराच्या तासाला झोपतात."

"मग हात वर का करत नाहीत?"

"हात वर करायचा आणि उत्तर चुकलं तर? चाळीस जणांदेखत? त्यापेक्षा लाकूड बरं. शेवया गार होतायत."

मे महिन्यात, झाडांचा कापूस हवेत उडत होता आणि माझी सून दिवसभर वाडग्यांवर झाकणं घालत होती, तेव्हा रुइलिंग धावत आली. जिल्ह्याहून अकरा पाहुणे येणार होते. मो बाईचा तास मागे बसून बघणार होते. त्यांनी होकार दिला तर बाईचा करार आणखी एका वर्षाचा. मान हलली नाही तर जुलैत बाई आपल्या घरी, आणि पोरांच्या शेवटच्या वर्षाला पुन्हा बाई यायच्या आधीचा तो खरखरणारा टेपरेकॉर्डर.

असा पाहुण्यांसमोरचा तास आमच्याकडे कसा होतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आठ दिवस तालीम. कोणता प्रश्न, कुणाला, तो कसा उठणार, काय म्हणणार, कुठे हसायचं, सगळं ठरलेलं. लग्नात नवरी पहिल्यांदाच जिना उतरल्यासारखी उतरते, पण आदल्या दिवशी मावशीनं तिला तीनदा उतरवलेलं असतं. तसंच हे.

मो बाई म्हणाली, तालीम नाही.

संध्याकाळी माझ्या दुकानात तिघं तिच्याभोवती बसली होती आणि रुइलिंगचा आवाज चिरका झाला होता. "बाई, एकदाच. नुसते प्रश्न सांगा."

"नाही. ते बघायला येतायत ना? मग खरं बघू देत."

"पण खरं म्हणजे आम्ही गप्प बसतो," दोंगशेंग म्हणाला.

"मग गप्प बघतील. खोटं नको." तिनं टेबलावर बोट आपटलं. "त्याला फसवणूक म्हणतात."

"फसवणूक कसली?" मी चुलीकडून म्हटलं. "घरी पाहुणा येणार असला तर मी आदल्या दिवशी रांजण चाखून बघते. ती काय फसवणूक?"

"आजी, तुम्ही रोज चाखता."

मी तिला आणखी मिरची वाढली.

ती गेल्यावर तिघं तशीच बसून राहिली. मेइछिन टेबलावरच्या लसणीच्या साली गोळा करत होती. गोळा करायची, पुन्हा पसरायची, पुन्हा गोळा करायची. मी तिला म्हटलं, "त्या सालींनी तुझं काय वाकडं केलंय?" तर ती खाली बघत म्हणाली, "बाई गेल्या तर मी पण जाईन. काकू गुआंगचौला आहे. बटणं लावायचं काम आहे." सगळ्या वर्षात तिनं माझ्याशी एका दमात बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

"बटणं लावायला दोन वर्षं डोकं झिजवलंस होय?" मी म्हटलं. "उद्या दुपारी सगळ्यांना घेऊन या. जेवणानंतर, गाव झोपतं तेव्हा."

दुपारी एक ते अडीच आमच्या गावात कुत्रीही भुंकत नाहीत. मी दाराची फळी अर्धी ओढून घेतली. सोळा स्टुलांवर बेचाळीस पोरं कशी बसली ते मला विचारू नका. सून आतून म्हणाली, "आई, स्टुलं मोडतील." मी म्हटलं, "मोडली तर तुझ्या माहेरून आणू."

रुइलिंगनं बाईच्या टेबलावरच्या वहीतून आठ प्रश्न टिपून आणले होते. ते तिनं कसे टिपले हे मी विचारलं नाही, वर्गप्रमुखाला काही गोष्टी कराव्या लागतात. बाई आपल्या आजीच्या स्वयंपाकघराचा एक मोठा फोटो लावणार होती आणि त्यावरून प्रश्न विचारणार होती. आता बाईच्या जागी कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी दोन इयत्ता शिकलेली बाई. पण नऊ महिने मी त्या पोरीला रोज समोर पाहिलं होतं. मी खांद्यावर पंचा टाकला, तिच्यासारखे केस मागे सारले, आणि टेबलाच्या काठावर बूड टेकून पाय हलवत बसले. ती वर्गात अशीच बसते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ख्वांग साहेबांनी दोन दिवस जेवण टाकलं होतं म्हणतात. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. मी प्रश्न आमच्याच भाषेत विचारायची, पोरं उत्तर इंग्रजीत द्यायची. बरोबर की चूक, मला काय कळतंय. पण आवाज दारापर्यंत पोचला नाही तर मी म्हणायची, "पुन्हा. पाहुणे काय तुझ्या मांडीवर बसणार आहेत?"

अडचण होती हातांची. आठ प्रश्न, आठ उत्तरं देणारे. बाकीच्या चौतीस जणांनी काय करायचं? हात खाली ठेवले तर वर्ग मुका दिसणार. वर केले आणि बाईनं नेमकं न येणाऱ्यालाच उठवलं तर सगळंच ओंफस.

"हे मला येतं," मी म्हटलं. आणि खरंच येत होतं. मी दुसरीत होते तेव्हा तालुक्याहून साहेब आले होते, तेव्हा आमच्या मास्तरांनी शिकवलं होतं. दोन वर्षांत जे काही शिकले त्यातलं तेवढंच मनात राहिलं. "हात सगळ्यांनी वर करायचा. ज्याला त्या प्रश्नाचं उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. उठवायचं ते उजव्या हाताला. मागे बसलेल्याला काय, नुसतं हातांचं रान दिसतं."

रुइलिंगनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी प्राध्यापक आहे. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

पाच दुपारी आम्ही बसलो. मी विचारायची, बेचाळीस हात सरसर वर जायचे, मी उजवा हेरून बोट दाखवायची, उत्तर यायचं. घड्याळाच्या काट्यासारखं. दोंगशेंगला सातवा प्रश्न होता. उत्तर एवढंच, होय, फारच रुचकर. तो ते झोपेतही म्हणत होता. मेइछिनला काही नव्हतं. "तू फक्त डावा हात," रुइलिंगनं तिला सांगितलं, आणि तिनं मान हलवली. सुटले, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पाचव्या दुपारी मी सुनेला म्हटलं, "आता अकरा काय, अकराशे पाहुणे येऊ देत."

पाहुण्यांचं दुपारचं जेवण माझ्या दुकानात ठरलं आणि तासाला चहाचं गरम पाणीही मीच द्यावं असं ख्वांग साहेबांनी सांगितलं. म्हणून मी मागच्या दारापाशी किटली घेऊन उभी होते. अकरा जण ओळीत बसले होते, मांडीवर वह्या. मधोमध मुख्य पाहुणे, पांढऱ्या भुवयांचे, चेहऱ्यावर काहीच नाही असे. ख्वांग साहेब भिंतीला पाठ लावून घाम पुसत होते.

मो बाईनं फोटो लावला. जुनं स्वयंपाकघर, काळी चूल, खिडकीत मांजर. तिनं पहिला प्रश्न विचारला.

बेचाळीस हात वर गेले.

मो बाई बघतच राहिली. नऊ महिन्यांत या वर्गानं तिला एक हात दाखवला नव्हता, आणि आज एकदम सगळेच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की काय असं मला वाटलं. आणि त्याच क्षणी आमचं कुठे चुकलं ते मला दिसलं. कारण ती वर्गावरून नजर फिरवत होती, डावे बघत होती, उजवे बघत होती, आणि तिला सगळे सारखेच दिसत होते. डाव्या-उजव्याचं तिला कुणी सांगितलं होतं? पाच दुपारी आम्ही बेचाळीस हात पढवले आणि बोट दाखवणारीलाच कुणी काही सांगितलं नाही. दुकानात बाई मी होते, आणि मला ठाऊक होतं. एवढी अक्कल पाजळली, आणि एवढं साधं माझ्या टाळक्यात आलं नाही.

तिनं दोंगशेंगला उठवलं. डावा हात; त्याचा प्रश्न सातवा.

फोटोत किती माणसं आहेत, असं तिनं विचारलं होतं, हे रुइलिंगनं मला नंतर सांगितलं. दोंगशेंग ताठ उभा राहिला आणि त्याला येत होतं तेवढं एकच म्हणाला: होय, फारच रुचकर.

दोन पाहुण्यांनी वह्यांमध्ये तोंड लपवलं. मो बाईही हसली आणि त्याला बसवलं. पुढचा प्रश्न आला तेव्हा पोरांच्या पाचावर धारण बसलेली. कुणी डाव्याचा उजवा केला, कुणी उजव्याचा डावा, कुणी दोन्ही वर करून एक खाली घेतला. विंचू अंगावर पडल्यासारखी सगळी हात झटकत होती. रुइलिंग मागे वळून डोळे वटारत होती. त्या गोंधळात एकच हात जागचा हलला नाही. सांगितलं होतं तसा, सरळ, डावा. मेइछिनचा.

मो बाईनं तो पाहिला. आणि तिचं तोंड असं उजळलं की मला किटली खाली ठेवावी लागली. लसूण सोलणारी पोर शेवटी हात वर करते आहे, असं तिला वाटलं असणार.

मेइछिन उठली. प्रश्न होता, तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात काय आहे. उत्तर रुइलिंगनं दुसऱ्या एका मुलीला पाठ करायला दिलेलं होतं. फ्रीज आहे, मायक्रोवेव्ह आहे, असं काहीतरी शहरी. मेइछिनकडे काहीच नव्हतं. ती उभी राहिली आणि बाकाचं लाकूड बघायला लागली.

आता कुणी म्हणेल, मास्तरांनी अशा वेळी पटकन दुसऱ्याला उठवावं. ख्वांग साहेब भिंतीकडून तेच खुणावत होते. पण मो बाई टेबलाच्या काठावर बसली, अकरा पाहुण्यांदेखत, पाय हलवत, आणि थांबली. रविवारी लसूण सोलताना बसते तशी निवांत. घाई कसली म्हणून नाहीच. पाहुण्यांची पेनं थांबली. मी मनात म्हणत होते, बोल गं पोरी, नाहीतर बटणं लाव जन्मभर.

मग मेइछिनचे हात हलले. आधी हातच. तिनं हवेत एक मोठं गोल पोट काढलं. मग वर काहीतरी जड ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. आणि हळूच एक शब्द म्हणाली. मग दुसरा. मला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण हात कळले. तो रांजण होता, पानांवरचा दगड होता. तिच्या आजीचा रांजण. एका शब्दाला ती अडली, तर दोंगशेंगनं मागून तो पुरवला, न विचारता, न उठता. मो बाईनं काहीतरी विचारलं. मेइछिननं बोटानं थेंब दाखवला, मग हात गळ्यावरून फिरवला: तेलाचा एक थेंब पडला की रांजण मेला. वर्ग हसला. मेइछिन एक क्षण थबकली, कान टवकारल्यासारखी. मग तीही हसली, कारण हे हसणं ते नव्हतं. तिचा हेल तसाच होता, डोंगरी, इंग्रजीतही तसाच. आता तिकडून एक जण, इकडून एक जण, कुणी शब्द देतंय, कुणी खोडतंय, हात कुणीच वर करत नाही, उठून थेट बोलतायत. आठ पाठ उत्तरांचं कुणाला भानच राहिलं नाही. रुइलिंगसुद्धा ओरडून सांगत होती की त्यात शेवयांचं उकळीचं पाणी रोज घालावं लागतं. तिच्या घरी रांजण नाही. ते ती माझ्याकडे शिकली.

तेवढ्यात पांढऱ्या भुवयांचे पाहुणे पुढे वाकले आणि आमच्या भाषेत, चांगल्या ठसक्यात, त्याच डोंगरी हेलात म्हणाले, "पोरी, तुमच्याकडे भाजी कुठली घालतात?"

"पाथरी," मेइछिन म्हणाली. "डोंगरातली कडू."

"बरोबर. पाथरीशिवाय ते पाणीच नव्हे."

"काय सांगता साहेब," शेजारचे पाहुणे म्हणाले, "मोहरीची पानं. आमच्या आईनं जन्मभर—"

"तुमच्या आई खालच्या मुलखातल्या. त्यांना काय ठाऊक."

मला राहवलं नाही. "पाथरीनं पाणी तिसऱ्या दिवशी कडूजहर होतं," मी मागून म्हटलं. "दुपारी माझ्याकडे जेवा, मग बोला."

ख्वांग साहेबांनी डोळे मिटून घेतले.

जेवायला पाहुण्यांनी दोन-दोन वाडगी घेतली, मुख्य पाहुण्यांनी तीन. ख्वांग साहेब त्यांच्यापुढे अर्धे वाकून म्हणत होते, "आज वर्गाची शिस्त जरा... मी स्वतः बाईंशी बोलेन..." पाहुण्यांनी वाडगं खाली ठेवलं.

"ख्वांग, तीस वर्षांत मी असे किती तास पाहिले असतील?"

"शेकड्यांनी, साहेब."

"शेकड्यांनी. आणि उत्तर येत नाही असं पोर आज पहिल्यांदा पाहिलं. शिवाय ते शेवटी बोललं. बाईंना राहू द्या. लेखी पाठवतो." मग माझ्याकडे वळले. "मावशी, मोहरीनं पाणी बरं होतं हे मान्य. थोडं विरजण द्याल?"

"नाही," मी म्हटलं. होकार त्यांनी आधीच दिला होता, त्यामुळे मला नाही म्हणायला जागा होती.

संध्याकाळी मो बाई आली. मागे तिघं. रुइलिंगचे डोळे सुजलेले. मो बाई माझ्यासमोर बसली.

"आजी, माझ्या वर्गात एवढी पोरं डावखुरी कधीपासून आहेत?"

मी चुलीतली लाकडं सारखी केली.

"बाई, चूक माझी," रुइलिंग म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. वही, दुपारी, हात, सगळं. मो बाईचं तोंड लांब होत गेलं.

"मी तालीम नको म्हटलं होतं."

"तालीम कुठे," मी म्हटलं. "पोरं शेवया खायला आली होती."

"बाई कोण झालं होतं?"

तिघांनी माझ्याकडे बोटं दाखवली. मेइछिननंसुद्धा, मेलीनं.

"करून दाखवा," मो बाई म्हणाली.

"मला काम आहे."

"आजी. पायांना मुळं फुटलीत का?"

माझंच वाक्य माझ्यावर. मी पंचा खांद्यावर टाकला, केस मागे सारले, टेबलावर बूड टेकलं आणि पाय हलवले. सून आतून बघायला आली. मो बाईनं कपाळ टेबलावर टेकलं आणि तिची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, आवाजच फुटत नव्हता तिला. मग मान वर करून डोळे पुसले आणि म्हणाली, "मेइछिनला ते रांजणाचं कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मेइछिन म्हणाली. "मला फक्त डावा हात सांगितला होता."

"आणखी वर्षभर आहे ना मी," मो बाई म्हणाली, "आता वर्गात हाच नियम. येत नसेल त्यानं डावा. पण मी डाव्यांनाच आधी उठवणार." दोंगशेंगनं कपाळाला हात लावला आणि पाचवं वाडगं मागितलं.

जुलै गेला, मो बाई घरी जाऊन आली, मेइछिन सुट्टीभर माझ्याकडे राहिली आणि बटणांचा विषय पुन्हा निघाला नाही. सप्टेंबरात एक दिवस बाईनं मला वर्गात बोलावलं. पोरांना रांजणाचा धडा करायचा होता, आणि खरा रांजण हवा होता. मोठा कोण उचलणार, मी लहान घेऊन गेले, सुनेच्या डोक्यावर. मी आंबट पाणी कसं लावतात ते सांगायची, मेइछिन पुढे उभी राहून ते इंग्रजीत सांगायची. मोठ्यानं. दारापर्यंत आवाज जाईल असं.

शेवटी मो बाई टेबलावर बसली आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी विचारलं. वर्ग माझ्याकडे वळला. बेचाळीस डोकी, अधिक सून.

अडुसष्ट वर्षांत मला कुणी काही विचारलं आणि मला ते आलं नाही, असं झालेलं नाही. म्हणजे झालं असेल, पण कुणाला कळू दिलेलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला तर नाहीच. मी पदरासारखा पंचा नीट केला. खोकले. खिडकीबाहेर बघितलं.

मग हात वर केला. डावा.

पोरांनी बाकं बडवली. दोंगशेंग तर उभाच राहिला. मेइछिननं माझ्या कानाशी येऊन प्रश्न सांगितला: आजी, हे विरजण कुणाचं?

हे मला येत होतं. "माझ्या सासूचं," मी म्हटलं. "आणि येत्या वर्षी ही मास्तरीण होऊन डोंगरात जाईल तेव्हा एक बरणी हिच्या सामानात जाईल." मेइछिन हे इंग्रजीत सांगायचं विसरून गेली. मी तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा सांगितलं.

बाकं बडवणाऱ्यांपैकी कुणालाही त्या संध्याकाळी मी मिरची वाढली नाही.